एकाच टोपातलं जेवण, पण दोन मुलं दोन तऱ्हेची: लहान मुलांच्या वजनात जीन्सचा हात किती?

सुरंगी_फोंडा
रविवार, रात्री १०:४०

नमस्कार सगळ्यांना. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. विषय घरचाच आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल.

मला दोन मुलं. मुलगी १२ वर्षांची, अगदी काडी. मुलगा ९ वर्षांचा, उंची १३४ सेंटिमीटर आणि वजन ४६ किलो. दोघांना एकाच टोपातलं शीत, एकच हुमण, पाव एकाच पोदेराचा. मुलगी अर्धा उंडा (आमचा गोल पाव) खाऊन ताट सरकवते. मुलगा दोन उंडे संपवतो, मग ताटातला रोस बोटाने पुसून घेतो आणि तरी माझ्या तोंडाकडे बघत बसतो. सकाळी पोदेराचा भोंगा कोपऱ्यावर वाजला की घरात सगळ्यात आधी तोच उठतो.

गेल्या महिन्यात शाळेत वजनं घेतली. पूर्ण वर्गासमोर एकेकाला काट्यावर उभं केलं आणि आकडा मोठ्याने वाचून दाखवला. घरी आल्यावर काही बोलला नाही. रात्री जेवताना हळूच विचारतो, "आई, मी भात सोडला तर किती दिवसांत दीदीसारखा होईन?" माझ्या घशाखाली घास उतरला नाही.

सासूबाई म्हणतात आमच्या घराची हाडंच तशी, याचे आजोबाही लहानपणी असेच होते, मोठेपणी उतरेल. जाऊ म्हणते मी लाडावून ठेवलाय. नवऱ्याने कुठेतरी लाळेची डीएनए टेस्ट बघून ठेवलीय, लाळ पाठवायची आणि ते आहाराचा तक्ता करून पाठवतात म्हणे. मला एवढंच विचारायचंय, हे खरंच रक्तातून येतं का? आणि येत असेल तर माझ्या हातात काय उरतं?

तिसवाडी
रविवार, रात्री १०:५२

त्या पोराला आधी जवळ घ्या ताई. भात सोडायचं मनात आलंय ते आजच काढून टाका. बाकी जाणकार सांगतील.

डिचोलीकर
रविवार, रात्री ११:१५

ताई राग मानू नका पण मला हे जीन्स वगैरे पटत नाही. आमच्या वर्गात चाळीस पोरांत एखादाच जाडा असायचा, आता कुठल्याही शाळेच्या गेटवर उभं राहून बघा. तीस-पस्तीस वर्षांत माणसाचे जीन्स बदलले का? बदललंय ते राहणीमान. आम्ही दोन किलोमीटर चालत शाळेत जायचो, आता दारात बालरथ येतो नाहीतर बाबा स्कूटरने सोडतात. आम्हाला अकरा वाजता पेज आणि खारातली कैरी मिळायची, आता मधल्या सुट्टीत चिप्सचं पाकीट. शेतात फुटबॉल खेळायचो तिथे आता प्लॉट पडलेत. सरळ हिशेब आहे, खाणं वाढलं, हालचाल आटली. रक्ताला कशाला दोष द्यायचा.

मांडवीकाठ
सोमवार, सकाळी ७:०५

डिचोलीकर, तुमच्या वर्गातला तो "एखादा जाडा" म्हणजे मी होतो असं समजा. तुमच्या वर्गात नव्हतो, पण मी तोच.

मीही चालतच शाळेत जायचो. मीही पेजच खायचो. माझा भाऊ माझ्याहून दीड वर्षाने मोठा, एकाच ताटलीतून जेवून वाढलो आम्ही, तो बांबूसारखा आणि मला चौथीत बाबांच्या शर्टाची बाही कापून शर्ट शिवायला लागायचा. लोकांना वाटतं जाडं पोर हावरट असतं. माझी भूक कशी होती ते सांगतो. जेवून उठलो की भावाला गप्प वाटायचं, मला नाही. पोट भरलेलं कळायचं, ताटलीत जागा नाही हे दिसायचं, पण डोक्यात कोणीतरी बारीक घंटी वाजवतच राहायचं. चवथीच्या दिवसांत आई नेवऱ्यांचा पत्र्याचा डबा कपाटावर ठेवायची. दुपारी सगळे झोपले की मी स्टूल लावून तो उतरवायचो, आणि झाकण उघडताना आवाज होऊ नये म्हणून पोटाशी घट्ट धरून उघडायचो. त्या झाकणाचा गारवा पोटाला लागायचा तो अजून आठवतो. नेवरी गोड लागायची नाही, नुसती भीती लागायची.

सगळ्यांनी मला चाळीस वर्षं सांगितलं की मनावर घे. तुम्ही म्हणता वर्गात एकच होता. मग तोच का? त्या एकाचं काय वेगळं होतं, हा प्रश्न कोणीच विचारला नाही.

कोकमसार
सोमवार, सकाळी ९:२०

मांडवीकाठ, वाचून गप्प झालो. बायकोला वाचून दाखवलं, तिचेही डोळे भरले.

बालरोग_वाचक
सोमवार, दुपारी २:३०

दक्षिण गोव्यात मुलांची डॉक्टर आहे, ओपीडी संपवून लिहितेय, लांब होईल.

डिचोलीकरांचा प्रश्न मुद्द्याचा आहे. जीन्स तीस वर्षांत बदलत नाहीत, बदललं ते ताट. पण ते ताट सगळ्याच मुलांच्या पुढ्यात आलं आणि वजन सगळ्यांचं सारखं वाढलं नाही. कोणाचं वाढतं आणि कोणाचं नाही, तिथे जीन्सचं काम सुरू होतं. जुळ्यांच्या अभ्यासांतून वजनातल्या फरकाचा साधारण ४० ते ७० टक्के भाग अनुवंशिक निघतो.

आता मांडवीकाठ यांची घंटी. ती खरीच असते. चरबी म्हणजे नुसतं कोठार नव्हे. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं हार्मोन रक्तात सोडतात. चरबी जास्त तर लेप्टिन जास्त, कमी तर कमी. ते मेंदूच्या बुडाशी हायपोथॅलमसला जाऊन सांगतं की कोठार भरलंय. तिथल्या पेशी मग पीओएमसी नावाच्या प्रथिनातून पुढचा निरोप बनवतात, तो एमसी४आर या रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या निरोप घेणाऱ्या जागेवर, जाऊन बसतो, आणि तेव्हा आपण म्हणतो पुरो. ही निरोपांची साखळी आहे, आणि प्रत्येक कडीचा आपापला जीन आहे.

लेप्टिन १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांनी उंदरांत शोधलं. १९९७ मध्ये केंब्रिजच्या ओ'राहिली आणि फारूकी यांच्या गटाला मूळच्या पाकिस्तानी कुटुंबातली नात्यातली दोन मुलं मिळाली, आठ वर्षांची मुलगी ८६ किलो आणि दोन वर्षांचा मुलगा २९ किलो. दोघांच्या शरीरात लेप्टिन बनतच नव्हतं, म्हणजे मेंदूला वाटत होतं हे पोर उपाशी मरतंय. पुढे त्या मुलीला लेप्टिनची इंजेक्शनं सुरू केली तेव्हा भूक शांत झाली आणि वजन उतरलं. मी शिकत असताना हे वाचलं आणि तेव्हापासून कुठल्याही मुलाला हावरट हा शब्द माझ्या तोंडून गेला नाही.

पण असं एकच जीन पूर्ण बंद पडणं फार दुर्मिळ. त्यातल्या त्यात जास्त सापडतो तो एमसी४आरचा दोष, आणि ही मुलं उंचीनेही थोराड असतात. बाकी बहुतेक मुलांत शेकडो बारीक बारीक फरक मिळून कल ठरतो, एकेकाचा वाटा चिमूटभर. त्यातला सगळ्यात ठळक एफटीओ, २००७ मध्ये सापडला. युरोपातल्या साधारण सहातल्या एका माणसात या जीनच्या दोन्ही प्रती वजन वाढवणाऱ्या प्रकारच्या असतात आणि ती माणसं सरासरी ३ किलो जड निघाली. स्कॉटलंडमधल्या शाळकरी मुलांच्या पुढ्यात जेवण मांडून बघितलं, तेव्हा या प्रकारची मुलं जास्त कॅलरी खातात असं दिसलं, शरीरात खर्च होणारी ऊर्जा मात्र कमी नव्हती. म्हणजे यंत्र आळशी नाही, भुकेचा आवाज मोठा. २०१५ मध्ये आणखी एक गोष्ट कळली, एफटीओमधला तो फरक शेजारच्या आयआरएक्स३ आणि आयआरएक्स५ या जीन्सना जागवतो, आणि मग चरबीची पेशी चरबी जाळून उष्णता करणारी व्हायच्या ऐवजी साठवणारी होते.

सुरंगीताई, तुमच्या मुलाबद्दल. वजन पाच वर्षांच्या आत वेगाने वाढलं होतं का? रात्री उठून खातो का, लपवून ठेवतो का? बोलण्या-शिकण्यात मागे आहे का? आईवडील नात्यातले आहेत का? यातलं काही असेल तर जेनेटिक तपासणीचा विचार करतात, आणि तीही अनुवंशशास्त्राच्या डॉक्टरांमार्फत. उंची त्याची वयाला चांगली आहे, त्यामुळे थायरॉईडसारखं हार्मोनचं कारण असायची शक्यता कमी, ती मुलं बहुधा खुजी राहतात. मानेच्या मागे, काखेत काळपट मखमलीसारखा पट्टा आहे का ते उजेडात बघा. मळ नसतो तो, घासून जात नाही, इन्सुलिन जास्त असल्याची खूण असते. बीपी, साखर, लिव्हरचं एसजीपीटी आणि कोलेस्टेरॉल बघून घ्या. लाळेची टेस्ट करून आहाराचा तक्ता, त्यावर पैसे घालू नका. त्यातून फार तर कल कळेल, आणि तो तर तुमच्या सासूबाईंनी फुकटात सांगितलाच आहे.

डिचोलीकर
सोमवार, संध्याकाळी ६:१०

डॉक्टरबाई, नीट सांगितलंत, आभार. पण एक शंका राहते. घरात आईबाप जाड असतात तेव्हा घरचं खाणंही तसंच असतं ना. मग रक्त कुठलं आणि रांधप कुठलं हे वेगळं कसं काढणार?

पुणे_टू_पणजी
सोमवार, रात्री ८:४५

डिचोलीकर, हे वेगळं काढलंय. १९८६ मध्ये स्टंकार्ड या संशोधकांनी डेन्मार्कमधल्या ५४० दत्तक मुलांची मोठेपणची वजनं तपासली. ती जुळली जन्मदात्या आईबापांशी. ज्यांनी वाढवलं त्यांच्याशी काही संबंध दिसला नाही.

पण तुमच्या बाजूचीही गोष्ट आहे. पिमा ही अमेरिकेतली मूळनिवासी जमात. अ‍ॅरिझोनातले पिमा आणि मेक्सिकोच्या डोंगरातले पिमा, रक्त एकच. अ‍ॅरिझोनात लठ्ठपणा आणि मधुमेह भयंकर, मेक्सिकोत शेतात राबणारे त्यांचेच नातलग कितीतरी बारीक. आणि २०१९ मध्ये एकवीस लाख जनुकीय फरकांची बेरीज करून माणसांचे दहा गट पाडले, वरचा गट आणि खालचा गट यांच्यात जन्माच्या वेळी वजनाचा फरक होता फक्त ६० ग्रॅम, अठराव्या वर्षी तो १२ किलोवर गेला. म्हणजे बी जन्मतःच असतं पण वाढतं ते मधल्या वर्षांत, आणि सुरंगीताईंचा मुलगा बरोबर त्याच वर्षांत आहे.

आपल्या लोकांची आणखी एक भानगड. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं मोजली, इंग्लंडच्या साउदम्प्टनमधली बाळं साडेतीन किलोची तर आपली २.७, पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून. बाळ दिसतं बारीक, आत चरबी. याज्ञिकांनी स्वतःचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी छापला होता, दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२.३, युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. म्हणून सुरंगीताई, काडीसारखी मुलगी आहे तिचंही दुर्लक्ष करू नका. बारीक म्हणजे बरी असं आपल्याकडे समजायचं नाही.

कोकमसार
सोमवार, रात्री ९:३०

मग माशांचं काय? आमच्याकडे तारले आणि बांगडे रोज. आमची चरबी काय वेगळी मुरते का? आणि घरात विसवणाची (सुरमईची) मधली तुकडी कायम भावालाच, जीन्स एकच असूनही, त्यावर कोणी संशोधन करा.

पुणे_टू_पणजी
सोमवार, रात्री ९:५५

तुकडीचा निकाल आईच लावेल :)

माशांवरून मात्र खरीच गोष्ट आहे. फॅड्स नावाचे जीन्स आहेत, ते जवस, अक्रोड, तेल अशा झाडाच्या चरबीपासून मेंदूला लागणारी लांब साखळीची चरबी बनवतात. २०१६ मध्ये पुण्यातल्या २३४ लोकांत बघितलं तर ६८ टक्क्यांत हे काम जोरात करणाऱ्या प्रकाराच्या दोन्ही प्रती होत्या, अमेरिकेतल्या लोकांत १८ टक्के. पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारावर राहिलेल्यांना हा जीन उपयोगी पडला असणार. आता पंचाईत अशी की सूर्यफूल, सोयाबीन तेलात ओमेगा-६ ढीगभर, आणि असा जीन असलेलं शरीर त्याचंही तेवढ्याच जोरात ॲराकिडॉनिक आम्ल बनवतं, ज्यातून सूज वाढवणारी रसायनं निघतात. तारले-बांगडे खाणाऱ्याला ओमेगा-३ तयार मिळतं, ती तुमची जमेची बाजू. फक्त रवा लावून तेलात पोहवू नका, हुमणच बरं.

तिसवाडी
सोमवार, रात्री १०:०२

तारले परवा मार्केटात स्वस्त होते, काल परत चढले. एवढंच माझ्याकडे संशोधन.

माशेलची_बाई
मंगळवार, सकाळी ६:४०

मी प्राथमिक शिक्षिका, २२ वर्षं झाली. सुरंगीताई, वर्गासमोर आकडा वाचल्याचं वाचून रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, कारण मीही तेच करत आलेय. मुद्दाम नाही. एकाने काट्यावर बघायचं, दुसऱ्याने वहीत लिहायचं, म्हणून मोठ्याने सांगायचं, तशीच रीत पडलेली. कधी डोक्यातच आलं नाही की ते वाक्य पोर घरी घेऊन जातं. यापुढे मी काटा स्टाफरूममध्ये ठेवणार आणि एकेकाला बोलावणार. तुमच्या मुलाची माफी मी मागू शकत नाही, तो माझ्या वर्गात नाही, पण माझ्या वर्गात जे होते त्यांचे चेहरे एकेक करून आठवतायत.

मांडवीकाठ
मंगळवार, सकाळी ७:१५

बाई, तुम्ही हे लिहिलंत हेच खूप झालं.

काणकोणची_आजी
मंगळवार, सकाळी ११:००

नातवाकडून टाइप करून घेते. सुनेला दोष देणाऱ्या जावेला सांगा, पोर आईच्या लाडाने नाही जाड होत. माझे पाच, सगळ्यांना सारखंच वाढलं, दोन जाड तीन बारीक. पण सासूबाईंचं "मोठेपणी उतरेल" तेही मानू नको बाय. माझा थोरला तसाच राहिला, चाळिशीत साखर लागली. वेळेवर बघ.

डिचोलीकर
मंगळवार, दुपारी १:२०

आजींना नमस्कार. मांडवीकाठ, माझ्या पहिल्या प्रतिसादाबद्दल सॉरी. आमच्या वर्गातला तो मुलगा, त्याला आम्ही एका प्राण्याच्या नावाने हाक मारायचो. तो सगळ्यांत पुढे पळायचा फुटबॉलमध्ये, धापा टाकत, पण थांबायचा नाही. आज त्याचं खरं नाव आठवायला मला वेळ लागला, याचीच लाज वाटली.

डॉक्टरबाई, मग व्यायामाने हा जीन दबतो की नाही? माझा भरवसा त्यावरच आहे.

बालरोग_वाचक
मंगळवार, रात्री ९:१०

मोठ्यांत दबतो. दोन लाखांहून जास्त प्रौढांची माहिती एकत्र केली तेव्हा हालचाल करणाऱ्यांत एफटीओचा लठ्ठपणावरचा परिणाम २७ टक्क्यांनी कमी दिसला. त्याच अभ्यासात १९ हजार मुलांत मात्र असा फरक दिसला नाही. म्हणून मी मुलांच्या पालकांना आधी ताट आणि झोप सांगते, खेळ सांगते तो साखर, हाडं आणि आनंदासाठी. वजन उतरावं म्हणून पळायला लावलेलं पोर पळणं सोडून देतं.

औषधांबद्दल खासगी मेसेज येतायत म्हणून इथेच लिहिते. सेटमेलानोटाइड नावाचं इंजेक्शन २०२० मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, ते एमसी४आरला थेट जागवतं. पण ते पीओएमसी, लेप्टिनचा रिसेप्टर अशा ठरावीक जीनचा दोष सिद्ध झालेल्यांनाच. नेहमीच्या लठ्ठपणाला ते नाही, ऑनलाइन शोधत बसू नका.

सुरंगी_फोंडा
तीन आठवड्यांनी, शनिवार, रात्री १०:१५

उशीर झाला, माफ करा सगळ्यांनी. सगळे प्रतिसाद नवऱ्याला आणि सासूबाईंना बसवून वाचून दाखवले. मांडवीकाठ यांचा नेवऱ्यांचा डबा वाचला तेव्हा सासूबाई उठून आत गेल्या. नंतर कळलं, सासरेही असंच लपून खायचे आणि त्यांना ते पन्नास वर्षं माहीत होतं.

डॉक्टरांकडे जाऊन आलो. मानेवर पट्टा आहे, मी आजवर तो घासत होते, पोर ओरडायचं तरी घासत होते. साखर आणि थायरॉईड ठीक, एसजीपीटी थोडं वाढलेलं, सोनोग्राफीत लिव्हरवर थोडी चरबी. डॉक्टर म्हणाले वजन लगेच उतरवायचं नाहीये, आहे तिथे धरून ठेवू आणि उंची वाढू दे. पाच वर्षांपर्यंत त्याचं वजन बेताचंच होतं, जुनं कार्ड शोधून दाखवलं, म्हणून जेनेटिक टेस्ट आत्ता नको म्हणाले. लाळेची टेस्ट रद्द.

घरी काय केलं ते सांगते. त्याच्यासाठी वेगळं ताट नाही. पोदेराकडून रोज आठ उंडे घ्यायचो, आता सगळ्यांसाठी मिळून चार पोई, म्हणजे कोंड्याचे पाव. दुकानातला ज्यूस आणि बिस्किटं घरात आणतच नाही, म्हणजे नाही म्हणायचीही वेळ येत नाही. भात सोडलेला नाही, आधी भाजी आणि मासळी, मग शीत. टीव्ही बंद करून जेवतो सगळे. रात्री साडेनऊला दिवे मालवतो, यात सगळ्यात जास्त कुरकुर नवऱ्याची.

आणि एक. काल जेवून झाल्यावर तो माझ्या तोंडाकडे बघायला लागला तेव्हा मी विचारलं, "घंटी वाजतेय काय रे?" मी त्याला सगळं सांगितलंय, की काही जणांच्या डोक्यात ती जास्त वेळ वाजते, आजोबांच्याही वाजायची. म्हणाला, "वाजतेय, पण हळू." मग आम्ही दोघं बाहेर बलकांवावर (ओसरीवर) जाऊन बसलो, त्याने शेजारच्या मांजरीची पिल्लं मोजली, मला मोजायला लावली. वीस मिनिटांनी म्हणाला, "थांबली."

मांडवीकाठ
शनिवार, रात्री १०:३१

त्याला सांगा एका काकाने विचारलंय, पिल्लं किती आहेत?

सुरंगी_फोंडा
शनिवार, रात्री १०:४०

चार. एक पूर्ण काळं, ते त्याचं म्हणे.

काणकोणची_आजी
रविवार, सकाळी ८:३०

सकाळला नाचण्याची आंबील कर बाय, ताक घालून, गूळ नको. पोटात बराच वेळ टिकते. पीठ भाजू नकोस, रात्री भिजव.